उद्याच्या साठवणीवर पीएचडी करताना: नव्या संशोधकांसाठी काही पायऱ्या

१९८६ साली बीबीसीनं ब्रिटनमधल्या रोजच्या जगण्याची एक प्रचंड नोंद तयार केली. निमित्त होतं १०८६ सालच्या डूम्सडे बुकला, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या जुन्या नोंदवहीला, ९०० वर्षं पूर्ण झाल्याचं. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून जास्त माणसांच्या हातभारातून जमलेला मजकूर, नकाशे, छायाचित्रं असं सगळं लेसर डिस्कवर गेलं. पंधरा वर्षं उलटली तोवर त्या डिस्क वाचणारी यंत्रं शोधत फिरायची वेळ आली होती. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर तयार केलं, तेव्हा तो मजकूर पुन्हा पडद्यावर आला. कातड्यावर शाईनं लिहिलेली मूळ वही मात्र आजही वाचता येते.

ही गोष्ट साठवणीवरच्या बऱ्याच व्याख्यानांत ऐकायला मिळते, आणि सांगणारा बहुधा माध्यमाच्या टिकाऊपणावर थांबतो. पण डिस्क शाबूत होत्या. त्या वाचणारं यंत्र, ते दुरुस्त करणारा माणूस आणि हे जपणं आपलं काम आहे असं मानणारी संस्था, यांची साखळी तुटली होती. जुनी वही टिकली, कारण नऊशे वर्षं प्रत्येक पिढीत ती सांभाळणं कोणाचं तरी काम होतं.

भविष्यातली डेटा साठवण माणसं कशी वापरतील, या विषयावर पीएचडी करायची तर अभ्यास या साखळीचा करायचा असतो. संगणकशास्त्र, डिझाइन, ग्रंथालयशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, कुठूनही या विषयात येता येतं. पण कुठूनही आलात तरी सुरुवातीला एक अडचण ठरलेली आहे. तंत्रज्ञानातली माणसं विचारतात, ‘यंत्र कुठलं?’ आणि समाजशास्त्रातली विचारतात, ‘माणसं कुठली?’ दोन्ही प्रश्नांना उत्तर तयार होईपर्यंत विषय तयार झालेला नसतो. पुढच्या पायऱ्या तिथपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: स्वतःचा साठा उघडून बसा

आराखडा लिहायच्या आधी एक आठवडा स्वतःची डायरी ठेवा. दिवसभरात काहीही सेव्ह केलं, पुसलं, शोधलं, दुसरीकडे हलवलं किंवा ‘हे गेलं तर?’ असं मनात आलं, की एक ओळ लिहायची: काय, कुठे, कशासाठी, कोणासाठी. शेवटचा रकाना वाटतो त्यापेक्षा जड जातो. आपण साठवतो त्यातलं किती स्वतःसाठी आणि किती दुसऱ्या कोणासाठी, हे आपण सहसा तपासलेलंच नसतं.

याचा उपयोग मुलाखती सुरू झाल्यावर कळतो. काही माणसं काहीही पुसत नाहीत, काहींना भरलेला इनबॉक्स सहन होत नाही. तुम्ही यांपैकी कोण आहात हे आधी माहीत नसेल तर तुमचे प्रश्न नकळत तिकडे कलतात. न पुसणारा संशोधक पुसणाऱ्याला ‘पण तुम्हाला पश्चात्ताप नाही झाला?’ असं विचारतो, आणि समोरच्याच्या तोंडी पश्चात्ताप घालतो. ही डायरी पुढे प्रबंधाच्या पद्धतीवरच्या प्रकरणात कामी येईल, जपून ठेवा.

दुसरी पायरी: तंत्रज्ञान शिका, पण चार प्रश्नांपुरतं

तुम्हाला साठवणीचं यंत्र बनवायचं नाही. पण त्याचा स्वभाव माहीत हवा. प्रत्येक माध्यमाला चार प्रश्न विचारायचे. लिहायला किती वेळ आणि खर्च? वाचायला किती? लिहिलेलं बदलता किंवा पुसता येतं का? आणि वाचण्याचं यंत्र कोणाच्या ताब्यात असेल?

चुंबकीय टेप घ्या. अनेकांना ती संपली असं वाटतं, पण मोठ्या संग्रहांचा भार आजही तिच्यावर आहे. एलटीओ हे अशा टेपांचं एक प्रचलित मानक. २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९ च्या, एका कार्ट्रिजमध्ये दाबून न बसवलेला (कॉम्प्रेस न केलेला) डेटा १८ टेराबाइट मावतो. नीट ठेवली तर टेप ३० वर्षं टिकावी असं उत्पादक सांगतात. पण एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त त्याच्या आणि त्याच्या आधीच्या एका पिढीच्या टेपा वाचतो. म्हणजे टेप टिकली तरी दर काही वर्षांनी सगळा मजकूर नव्या टेपांवर उतरवून घेणारा माणूस लागतोच. तो माणूस कोण, काय उतरवायचं आणि काय सोडायचं हे तो कसं ठरवतो, त्याला कोण विचारतं? हा पीएचडीचा विषय आहे, आणि त्यासाठी कुठलंही भविष्य कल्पावं लागत नाही.

काच घ्या. २०१३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात पीटर काझान्स्की यांच्या गटानं क्वार्ट्झ काचेच्या आत अत्यंत अल्पकाळाच्या लेझर स्पंदांनी मजकूर कोरून दाखवला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रोजेक्ट सिलिका’नं १९७८ चा ‘सुपरमॅन’ हा अख्खा चित्रपट, ७५.६ गिगाबाइट, साडेसात सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन मिलिमीटर जाडीच्या काचेत साठवला. अशा काचेला उष्णता, पाणी, चुंबक यांचं फारसं भय नाही. पण एकदा कोरलं की ते पुसून त्याच जागी नवं लिहिता येत नाही.

आणि डीएनए. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटानं एक पुस्तक डीएनएमध्ये उतरवलं. २०१७ मध्ये यानिव एर्लिख आणि डिना झिलिन्स्की यांनी एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट) बसू शकतील इतकी दाट पद्धत मांडली. हे आकडे ऐकून डोळे दिपतात, म्हणून शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठानं माणसाचा हात न लावता लिहिणं-वाचणं करणारं यंत्र दाखवलं, तेव्हा ‘हॅलो’ या पाच बाइटच्या शब्दाला जाऊन परत यायला २१ तास लागले. घनता अफाट, वेग अगदी मंद. शिवाय एकदा लिहिलेल्या डीएनएच्या लाखो प्रती काढणं प्रयोगशाळेत नेहमीचं काम आहे, त्यामुळे ‘मूळ प्रत कोणाकडे?’ हा प्रश्नच तिथे बदलतो.

एवढं तंत्रज्ञान सुरुवातीला पुरतं. बाकीचं लागेल तसं शिका.

तिसरी पायरी: उत्पादनाला बांधून घेऊ नका

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर वर्षं वाया जातात. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये थ्री-डी एक्सपॉइंट ही नवी स्मृती जाहीर केली. वीज गेली तरी मजकूर टिकवणारी, आणि पेन ड्राइव्हमध्ये असते त्या नेहमीच्या फ्लॅश स्मृतीपेक्षा कितीतरी वेगवान. ऑप्टेन या नावानं ती बाजारात आली, तिच्यावर भरपूर संशोधन झालं, आणि २०२२ मध्ये इंटेलनं तो व्यवसाय गुंडाळत असल्याचं सांगितलं. ‘ऑप्टेनचा लोक कसा वापर करतील’ अशी नोंदणी २०१९ मध्ये कोणी केली असती, तर प्रबंध लिहायच्या वेळी त्याच्या हातात काय उरलं असतं?

त्यामुळे शीर्षकात उत्पादनाचं नाव नको, गुणधर्म हवा. ‘काचेतली साठवण’ असं न लिहिता ‘न पुसता येणारी साठवण’ लिहा. ‘डीएनए’ऐवजी ‘मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळणारी साठवण’. ती विशिष्ट काच उद्या बाजारात आली नाही, तरी न पुसता येण्यापुढे माणूस कसा वागतो हा प्रश्न शिळा होणार नाही.

चौथी पायरी: वाचनाची तीन कपाटं

पहिलं कपाट माणसं आपापल्या वस्तू आणि फायली कशा ठेवतात याचं. इथे १९८३ च्या टॉमस मॅलोन यांच्या अभ्यासापासून सुरुवात करा. ऑफिसातल्या टेबलांवर कागदांचे ढीग का असतात, हे त्यांनी पाहिलं. तो निव्वळ पसारा नव्हता. समोर दिसणारा ढीग कामाची आठवण करून देत होता. मग स्टीव्ह व्हिटेकर आणि जुलिया हर्शबर्ग यांचा २००१ चा अभ्यास वाचा. कार्यालय हलवायच्या वेळी माणसं कागदांची निवड कशी करतात हे त्यांनी टिपलं, आणि जपलेल्या कागदांतला बराच भाग दुसरीकडे सहज मिळणाऱ्या प्रतींचा निघाला. पद्धत म्हणूनही हा अभ्यास मला फार आवडतो. साठवण एरवी अदृश्य असते, जागा बदलताना ती उघडी पडते. ऑफर बर्गमन यांचं काम दाखवतं की शोधण्याची सोय सुधारली तरी माणसं आपल्या फायलींकडे फोल्डरच्या वाटेनं जाणंच पसंत करतात. कॅथी मार्शल यांनी वैयक्तिक संग्रहांबद्दल २००८ मध्ये लिहिलं, तेव्हा ‘काही न करता सोडून देणं’ हीच लोकांची जतनाची मुख्य पद्धत असल्याचं मांडलं. या वाक्याजवळ तुम्हाला पुन्हा पुन्हा यावं लागेल.

दुसरं कपाट दीर्घकाळ जतनाचं, ग्रंथालयं आणि अभिलेखागारं यांचं. हे कपाट संगणकवाले बहुधा उघडत नाहीत, आणि त्यामुळे जुनेच शोध नव्यानं लावतात.

तिसरं कपाट सगळं साठवण्याच्या स्वप्नाचं. गॉर्डन बेल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये स्वतःचं अख्खं आयुष्य संगणकात नोंदवायचा प्रकल्प चालवला. त्या विचारसरणीवर अ‍ॅबिगेल सेलेन आणि व्हिटेकर यांनी २०१० मध्ये जी टीका केली ती जरूर वाचा. सगळं टिपण्याआधी हे टिपलेलं आठवणीच्या कुठल्या कामी येणार, हे विचारा, असं त्यांचं म्हणणं आहे. घटना आठवणं, जुन्या दिवसांत रमणं, हवी ती गोष्ट शोधून काढणं, मागे वळून विचार करणं आणि पुढे करायचं काम लक्षात ठेवणं ही पाच वेगवेगळी कामं आहेत. प्रत्येकाला साठवणीकडून वेगळं काहीतरी हवं असतं.

वाचताना एक सवय लावून घ्या. गाजलेला निष्कर्ष दिसला की तो पुन्हा तपासला गेला आहे का ते पाहा. माहिती संगणकात मिळणार हे माहीत असलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, हा बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा २०११ चा निबंध या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. त्यातला एक प्रयोग २०१८ मध्ये इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तोच परिणाम मिळाला नाही. निबंध वापरू नका असं मी म्हणत नाही. त्याच्या एकट्याच्या खांबावर प्रबंधाचं प्रकरण उभं करू नका.

पाचवी पायरी: प्रश्न घासायचा

‘भविष्यात लोक डेटा कसा साठवतील?’ हा प्रश्न घेऊन सगळेच येतात. यात लोक म्हणजे कोण, भविष्य म्हणजे कधी, डेटा म्हणजे काय, काहीच पक्कं नाही. एकेक शब्द घासत जा.

समजा तुम्ही न पुसता येणं हा गुणधर्म निवडला. मग प्रश्न होतो: ‘लिहिलेलं पुसता येणार नाही हे माहीत असताना माणसं काय लिहायचं ते कसं ठरवतात?’ आता माणसं. नुकतेच आईबाप झालेले? लग्नाचे फोटो काढणारे छायाचित्रकार? रुग्णालयातले नोंदी ठेवणारे? मग प्रश्न होतो: ‘न पुसता येणाऱ्या साठवणीत मुलाच्या बालपणातलं काय ठेवायचं हे पालक कसं ठरवतात, आणि मुलाची पुढची संमती ते कशी धरून चालतात?’ हा प्रश्न घेऊन उद्या सकाळी कोणाच्या तरी घरी जाता येईल. प्रश्न पुरेसा बारीक झाला का, याची माझी कसोटी हीच: पहिल्या मुलाखतीला कोणाकडे जायचं ते त्यातून कळलं पाहिजे.

माणसं निवडताना ज्यांचं भविष्य आधीच आलं आहे अशांकडे आधी पाहा. चिलीतली रुबिन वेधशाळा एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट प्रतिमा गोळा करण्यासाठी बांधली आहे. काय ठेवायचं आणि कुठे, हा प्रश्न तिथल्या लोकांनी दुर्बीण उभी राहण्याच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला. वारलेल्या माणसाचा कुलूपबंद फोन हातात घेऊन बसलेलं कुटुंब डिजिटल वारशाच्या भविष्यात राहतं आहे. सरासरी वापरकर्ता शोधत बसू नका.

सहावी पायरी: आधी आजचं आणि कालचं पाहा

‘तुमच्याकडे अमर्याद साठवण आली तर काय कराल?’ असं विचारलं तर माणसं मनापासून उत्तर देतात, आणि ते उत्तर जवळपास निरुपयोगी असतं. आपण कसं वागायला हवं ते माणूस सांगतो. ‘मी सगळं नीट लावून ठेवीन.’ पण त्याला ‘मागच्या वेळी फोनची जागा संपली तेव्हा सगळ्यात आधी काय उडवलंत?’ असं विचारा. तो फोन हातात घेईल, आठवेल, थांबेल. त्या थांबण्यात तुमचा डेटा आहे.

म्हणून पहिला मोठा अभ्यास आजच्या वागण्याचा ठेवा. मी याला साठ्याची फेरी म्हणते. सहभागी आपला फोन, लॅपटॉप, जुन्या हार्ड डिस्क, खणातले पेन ड्राइव्ह दाखवत जातो आणि बोलत जातो. पडदा त्याच्या हातात राहतो, तुमच्या नाही. शेवटची घटना विचारायची, सवय विचारायची नाही. ‘सहसा’, ‘नेहमी’, ‘बहुतेक वेळा’ असे शब्द प्रश्नात आले की ते खोडा. फेरीनंतर दोन-तीन आठवडे डायरी ठेवायला सांगितली तर फेरीत न दिसलेल्या गोष्टी वर येतात.

कालचंही पाहा. साठवणीची भविष्यं याआधी अनेकदा येऊन गेली आहेत, आणि ती नैसर्गिक प्रयोगांसारखी अभ्यासता येतात. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते एक गिगाबाइट जागा घेऊन. तेव्हा हॉटमेल २ आणि याहू ४ मेगाबाइट देत होतं. पत्र वाचून झालं की पुसायचं, ही तोवरची गरज होती; ती एका फटक्यात संपली. उलट दिशेचा प्रयोग १ जून २०२१ ला झाला, जेव्हा गुगल फोटोजनं अमर्याद मोफत साठवण बंद केली. वाढत्या जागेनं एक सवय लावली होती, मर्यादा आल्यावर तिचं काय झालं? ज्यांनी हे दोन्ही अनुभवलं ती माणसं आजूबाजूलाच आहेत. त्यांना विचारता येतं.

सातवी पायरी: उद्याची वस्तू हातात द्या

आता भविष्याकडे. इथे नवे संशोधक बहुतेक वेळा प्रश्नावली काढतात. फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान-स्वीकृतीचं प्रारूप घ्यायचं, उपयुक्तता आणि सोपेपणा यांवर पाचपैकी गुण मागायचे, दोनशे माणसांकडून भरून घ्यायचे. कोणी वापरून पाहिलेल्या गोष्टीसाठी ते प्रारूप ठीक आहे. ज्या वस्तूला कोणीच हात लावलेला नाही तिच्या सोपेपणाला दिलेल्या गुणांतून काय कळणार? आकडेमोड नीट होईल, अर्थ लागणार नाही.

त्याऐवजी एक वस्तू तयार करा. ती चालायची गरज नाही, हातात धरता आली पाहिजे. विल्यम ओडम आणि सहकाऱ्यांनी डिजिटल वारशाचा अभ्यास करताना काही वस्तू बनवल्या आणि २०१२ मध्ये त्याबद्दल लिहिलं; कुटुंबं त्या वस्तूंभोवती बसून बोलली तेव्हा वारसा, मृत्यू, कोणी काय पाहावं, हे विषय आपोआप निघाले. तुम्ही साडेसात सेंटिमीटरचा साध्या काचेचा चौकोनी तुकडा घ्या, कडा घासून घ्या. सहभागीला आधीच स्पष्ट सांगा की ही प्रतिकृती आहे, आत काही नाही. मग म्हणा, असं धरून चालू की यात तुमचे सगळे फोटो आहेत, आणि ते आता पुसता येणार नाहीत. हा घरात कुठे ठेवाल? कोणाला सांगाल? तुमच्यानंतर कोणाकडे जाईल? मघाशी ‘क्लाउडमध्ये आहे ना सगळं’ म्हणणारा माणूस तुकडा हातात घेऊन घरभर नजर फिरवतो. जागा ठरवताना तो मूल्य ठरवत असतो.

मंद साठवणही अशीच अनुभवायला देता येते. पडद्यामागे माणूस बसून यंत्राचं सोंग वठवतो, या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ म्हणतात. सहभागीनं स्वतः निवडलेला एक फोल्डर त्याच्या संमतीनं, कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून, बाजूला काढून ठेवा. महिनाभर त्याला त्यातलं काही हवं असेल तर त्यानं निरोप पाठवायचा आणि फाइल दुसऱ्या दिवशी मिळेल. विलंब संशोधक मुद्दाम करतो आहे हे त्याला माहीत असू दे. विलंब खराच असतो, एवढं पुरे. किती निरोप आले, हे मोजाच. पण न पाठवलेले निरोप जास्त बोलके असतात. ‘मागणार होतो, पण एवढा वेळ लागणार म्हटल्यावर राहू दिलं’ हे वाक्य तुम्हाला डायरीत मिळालं, तर समजा अभ्यास लागला.

याच अंगानं आणखी वाचायचं असेल तर बिल गेव्हर आणि सहकाऱ्यांचे १९९९ चे सांस्कृतिक प्रोब (लोकांनी आपल्या जगण्याबद्दल भरून परत द्यायचे छोटे साधनसंच) आणि २००३ मध्ये मांडले गेलेले तंत्रज्ञान-प्रोब (घरात ठेवून वापर पाहायची साधी उपकरणं) पाहा.

आठवी पायरी: दुसऱ्यांचे फोटो

नैतिकता समितीचा अर्ज हा इथे कागदी सोपस्कार राहत नाही. सहभागीनं संमती दिली, पण त्याच्या फोनमध्ये त्याची बहीण आहे, सहकारी आहेत, मित्रांची मुलं आहेत. त्यांनी तुम्हाला काहीच दिलेलं नाही. म्हणून प्रती घेऊ नका. फाइल पाहा, वर्णन लिहून घ्या. पडद्याचं चित्र घ्यावंच लागलं तर चेहरे आणि नावं सहभागीच्या समोर झाका.

काही गोष्टी आधीच लिहून ठेवा: फेरीत एखादा गुन्हा किंवा कोणाला असलेला धोका दिसला तर तुम्ही काय कराल, कोणाला सांगाल, आणि हे सहभागीला सुरुवातीलाच कसं सांगाल. वारलेल्या माणसाच्या साठ्यावर बोलताना अर्ध्यात थांबायची मुभा द्या, आणि थांबल्यावर रेकॉर्डिंगही थांबवा. संमती एकदाच घेऊन भागत नाही. फेरीच्या आधी घ्या, फेरी झाल्यावर काय काय दिसलं ते सांगून पुन्हा घ्या.

तुमच्या स्वतःच्या डेटासाठी तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम पाळा. तिन्ही प्रती कुलूपबंद. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल खरंच उघडते का ते पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप हा नुसता समज असतो.

नववी पायरी: क्रियापदं ऐका

विश्लेषणासाठी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची २००६ मध्ये मांडलेली आशयसूत्रांची पद्धत, म्हणजे मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे अर्थाचे धागे शोधण्याची रीत, बहुतेकांना सोयीची पडते. पद्धतीवर वाचायला भरपूर आहे, त्यामुळे मी तिथे थांबत नाही. मला सांगायचं आहे ते भाषेबद्दल.

तुमच्या मुलाखती मराठीत असतील तर त्या मराठीतच उतरवा आणि त्यातल्या वाक्यांना अर्थाच्या खुणेचे संकेतही (कोड) मराठीतच लावा. प्रबंध इंग्रजीत असला तरी. कारण साठवणीबद्दल बोलताना मराठी माणूस जे वेगळं करतो, ते भाषांतरात एका शब्दात विरून जातं. फोटो ‘साठवले’ आहेत, ‘ठेवले’ आहेत, ‘जपले’ आहेत, ‘सांभाळले’ आहेत, ‘टाकून ठेवले’ आहेत, नुसते ‘पडले’ आहेत. ‘ठेवलेत’ म्हटलं की ठेवणारा कोणीतरी आहे. ‘पडलेत’ म्हटलं की कोणीच नाही. ‘जपलेत’मध्ये रोजचं लक्ष आहे. ‘असू दे’मध्ये निर्णय पुढे ढकललेला आहे, आणि मार्शल यांचं ते ‘सोडून देणं’ मराठीत बहुधा याच दोन शब्दांत भेटतं.

पुसण्याचंही तसंच. ‘उडवले’ आणि ‘उडाले’ यांत जबाबदारी बदलते. ‘डिलीट मारले’मध्ये एक झटका आहे, ‘काढून टाकले’मध्ये निवड. आणि ‘गेले’. ‘त्या फोनबरोबर सगळे फोटो गेले’ असं कोणी म्हणतं, तेव्हा ते क्रियापद आपण माणसांसाठीही वापरतो हे विसरू नका. मुलाखत उतरवताना हे शब्द गुळगुळीत करू नका. एकाच माणसानं एकाच वस्तूबद्दल दहा मिनिटांत क्रियापद बदललं, तर तिथे खूण करा आणि मधे काय घडलं ते पाहा. बहुतेक वेळा मधे त्याला कोणीतरी माणूस आठवलेला असतो.

दहावी पायरी: दावा केवढा करायचा

परीक्षक विचारणारच: ‘लोक पुढे असंच वागतील कशावरून?’ हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या वर्षापासून तयार करायला हवं. वीस माणसांवरून तुम्ही भाकीत करू शकत नाही. ‘न पुसता येण्यासमोर माणसं कोणते निकष लावतात, कुठे अडतात, कोणावर विसंबतात, आणि आजच्या कोणत्या सवयी तिथे कामाच्या उरत नाहीत’ एवढं मात्र पुराव्यानिशी म्हणू शकता. ते कमी नाही. डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्ये मांडलेला पेच इथे उपयोगी पडतो: तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते बदलणं सोपं, पण परिणाम ठाऊक नसतात, परिणाम कळतात तोवर ते बदलणं अवघड झालेलं असतं. काचेत पुसण्याला पर्याय काय द्यायचा, किल्ली नष्ट करून मजकूर कायमचा कुलूपबंद करायचा का, हे आज ठरू शकतं. तुमचा प्रबंध त्या ठरवण्यात वापरता यावा असा लिहा.

वेळ, मार्गदर्शक आणि प्रकाशन

चार वर्षं धरली तर पहिलं वर्ष वाचन, स्वतःची डायरी आणि तीन-चार माणसांवर करून पाहिलेली फेरी. दुसऱ्या वर्षी फेरी आणि डायरीचा अभ्यास, तिसऱ्या वर्षी वस्तू आणि विलंबाचे प्रयोग, चौथ्या वर्षी लेखन. परवानग्यांना नेहमी वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा त्या दुसऱ्या वर्षाची वाट न पाहता आधीच मागा.

शक्य असेल तर दोन मार्गदर्शक घ्या, एक यंत्राच्या बाजूचा आणि एक माणसांच्या. ते एकमेकांशी असहमत होतील ते प्रसंग टिपून ठेवा. तुमचं योगदान बहुधा तिथेच असेल. लेख पाठवायला मानव-संगणक संवादासाठी सीएचआय आणि डीआयएस, जतनासाठी आयप्रेस, साठवणीच्या तंत्रज्ञानासाठी फास्ट या परिषदा आहेत. शेवटच्या परिषदेला नुसतं श्रोता म्हणून जायला मिळालं तरी जा. यंत्र बनवणाऱ्यांना वापरणाऱ्यांबद्दल कोणते प्रश्न पडतच नाहीत, हे तिथे बसल्यावर कळतं.

प्रबंध सादर झाला की एक काम उरतं, आणि ते आराखड्यातच तारखेसह लिहिलेलं असायला हवं. संमतीपत्रात जी मुदत दिली होती ती संपली की रेकॉर्डिंग पुसायची. लॅपटॉपवरची, विद्यापीठाच्या सर्व्हरवरची, तिसऱ्या ठिकाणच्या डिस्कवरची, आणि कोणाला ऐकायला पाठवली असतील तर तीही. सगळ्या प्रती शोधायला एक अख्खा दिवस हाताशी ठेवा. मग प्रत्येक सहभागीला दोन ओळी लिहा, की तुमचा आवाज आता आमच्याकडे नाही.